हब परबांकडे होता

२ नोव्हेंबर, रविवार. आज राउटर बदलायचा आहे. जुना बरीच वर्षं चालला, तक्रार नाही. पण गेला महिनाभर तो दुपारी तापतो, आपोआप बंद होतो आणि पुन्हा चालू होतो. तेवढ्यात नवऱ्याची ऑफिसची मीटिंग तुटते आणि तो स्वयंपाकघरात येऊन मला तसं सांगतो, जणू मी आमटीत मीठ घालायला विसरले आहे. नवा राउटर आणून ठेवलाय. तो बसवण्याआधी दाराच्या चौकटीवरून आणि टीव्हीमागून गेलेल्या वायरी सोडवून, पुसून, पुन्हा बांधायच्या आहेत. प्रभादेवीच्या या घरात धूळ रोज नव्याने येते. समोरच पाडकाम चालू आहे.

येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, आता सगळं हवेतून चालतं, मग तुझ्याकडे अजून वायरी कशाला? माझं उत्तर ठरलेलं आहे. जी वस्तू जागची हलत नाही तिला वायर द्यावी. टीव्ही हलत नाही, टेबलावरचा कॉम्प्युटर हलत नाही, जुने फोटो साठवायची डिस्क तर मुळीच हलू नये. हवा फोनसाठी मोकळी ठेवावी. राउटर दिसायला वाईट दिसतो म्हणून तो कपाटात कोंडायचा असेल, तर खुशाल कोंडावा, पण मग बेडरूममध्ये नेट येत नाही म्हणून मला फोन करू नये. आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवावी. ही मतं मी कुठल्या कोर्सला जाऊन शिकले नाही. नोकरी केली ती एका औषध कंपनीच्या खरेदी खात्यात, आणि कॉम्प्युटर ही हौस होती, हौसच राहिली. बहुतेक मतं करी रोडच्या चाळीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तयार झाली. त्यातलं सगळ्यात पक्कं मत एका दुपारी तयार झालं. वायरी पुसून वाळेपर्यंत ती दुपार लिहून काढते.

आमची खोली जिन्याला लागून पहिली. बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर, मोरी, वर माळा. अप्पा फोर्टमध्ये एका शिपिंग एजंटकडे क्लार्क होते आणि आई घरी ब्लाऊज शिवायची. तिचं शिलाई मशीन खिडकीशी आणि माझा कॉम्प्युटर त्याच्या शेजारी, दोन्हींचे प्लग एकाच बोर्डावर. आईने मशीनची मोटर दाबली की माझ्या पडद्यावरचं चित्र थरथरायचं. मी ‘आई’ म्हणून ओरडायचे आणि ती ‘एवढी बाही होऊ दे’ म्हणायची. तिची बाही कधी एकटी नसायची. संध्याकाळी सगळ्या गॅलरीतले कुकर एकामागून एक वाजायचे आणि कोणाकडे तूरडाळ, कोणाकडे मसूर हे वासावरून कळायचं. आमच्याकडे बहुधा मूगडाळीची खिचडी, पापड आणि कैरीचं लोणचं, कारण आईला शिवणकामाच्या वेळात फोडणीपलीकडे काही करायचं नसे. भाद्रपद जवळ आला की खालच्या मंडळाचा माइक दिवसभर तपासला जायचा. ‘हॅलो, हॅलो, चेक’ एवढंच ऐकत आम्ही जेवायचो. आजही कोणी माइक तपासू लागलं की मला पापडाची आठवण होते.

कॉम्प्युटर मी स्वतः जोडला होता. लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग आणायचा, घरी आणून चटईवर मांडायचा, दुसऱ्या शनिवारपर्यंत थांबायचं. अप्पांना वाटायचं हे मुलीचं काम नाही. आईला वाटायचं चटईवरून हे लवकर उचललं पाहिजे. सुरुवातीला टेलिफोनच्या लाइनवरून नेट यायचं, त्या किंचाळण्या-खरखरण्यासकट, आणि ते चालू असताना गावाकडून कोणाचाही फोन आला तरी लागायचा नाही. मग आमच्या केबलवाल्याने टीव्हीच्या वायरीबरोबर इंटरनेटची वायर द्यायला सुरुवात केली. ती आमच्याकडे आली आणि पंधरवड्यात अर्ध्या गॅलरीला हवीशी झाली. मी केबलवाल्याला विचारलं, एकाच लाइनवर आणखी काही घरं चालवली तर चालेल का. तो म्हणाला, ‘ताई, तुम्ही वायर टाकताय तर टाका. बिघडलं की मला बोलवायचं नाही.’ एवढी स्पष्ट अट मला पुढे कुठल्याच कंपनीने घातली नाही.

माझ्या मशीनमध्ये मी दोन नेटवर्क कार्डं बसवली. एकात केबलवाल्याची वायर आली, दुसऱ्यातून गॅलरीत वायर गेली. गॅलरीत एक हब ठेवायचा होता. हब म्हणजे आपल्या वायरीच्या एक्स्टेन्शन बोर्डसारखी एक चपटी पेटी: एक वायर आत येते, बाकीच्या घरोघर जातात, आणि पेटीला चोवीस तास वीज लागते. ती ठेवायची कुठे, हे ठरवायला मी आईची शिवणकामाची टेप घेतली आणि गॅलरी मोजली. बरोबर मधोमध आली परबांची खोली. परबकाका म्हणाले, ‘ठेव गो, माळ्यावर रिकामी जागा आसा.’ त्यांच्या दारावरच्या जाळीतून सगळ्या वायरी आत गेल्या. मला फार समाधान वाटलं. सगळ्यांना कमीत कमी वायर लागत होती, पुस्तकात दाखवतात तशी चांदणी झाली होती. गॅलरीच्या वाशांना मी वायरी सुतळीने बांधल्या. दुसऱ्याच दिवशी परबकाकूंनी त्यावर परकर वाळत घातले. मी सांगितलं, ‘काकू, यातून नेट येतं.’ त्या म्हणाल्या, ‘येवं दे की. परकरान काय अडतला?’ काही अडलं नाही, हे मान्य करायला हवं. फक्त वायर थोडी खाली आली आणि उंच माणसं वाकून चालू लागली.

गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, शेवटची खोली तांबेमावशींची. मावशी गिरणीत रीलिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर होत्या, गिरणी बंद पडल्यावर घरी आल्या. बारीक, ताठ बाई, बोलणं मोजकं. मुलगा मिलिंद कुरिअरच्या गोदामात कामाला, सून प्रज्ञा बीएस्सी झालेली, आणि नुकती बसायला लागलेली नात. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. त्यांच्याकडे गणपती नसायचा, त्यामुळे गणपतीत गावाला जाणंही नसायचं. बाकी आमची निम्मी चाळ कोकणातली. चतुर्थीच्या आधी दोन-तीन दिवस दारांना पटापट कुलपं लागायची, आणि किल्ल्या तांबेमावशींकडे जायच्या. त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यांची एक फळीच होती. कोणती किल्ली कोणाची हे फक्त त्यांना माहीत. का त्यांच्याकडेच, हे कोणी विचारायचं नाही. त्या घरी असतात, एवढं कारण सगळ्यांना पुरत होतं.

प्रज्ञाला त्या श्रावणात घरबसल्या काम मिळालं होतं. अमेरिकेतले डॉक्टर रोग्याला तपासून झालं की यंत्रात बोलून ठेवायचे, आणि ते ऐकून इथल्या मुली टाइप करायच्या. कानात हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की डॉक्टर बोलायचा, सोडलं की थांबायचा. हेडफोन जुना होता, बाहेरही आवाज यायचा. मावशी नातीला मांडीवर घेऊन तो ऐकत बसायच्या आणि मला सांगायच्या, ‘आजचा डॉक्टर घाईतला हाय. कालचा बरा होता, सावकाश बोलायचा.’ काम महिनाभर चाचणीवर होतं. सकाळी आवाजाच्या फायली उतरवायच्या, संध्याकाळी सातच्या आत टाइप केलेल्या परत पाठवायच्या, आणि चाचणीच्या महिन्यात एकही दिवस चुकवायचा नाही. चुकला तर काम दुसऱ्या मुलीला. प्रज्ञाने आधी शाळेत, मग पॅथॉलॉजी लॅबमध्ये विचारून पाहिलं होतं. सगळीकडे सकाळी आठला हजर व्हायचं होतं आणि मुलगी अंगावर पीत होती. हे काम गेलं तर पुढची दोन-तीन वर्षं दुसरं नव्हतं, हे तिला माहीत होतं, मावशींनाही माहीत होतं. मावशी तिला म्हणायच्या, ‘तू टाइप कर. पोरीला मी बघते. गिरणीत पाळणाघर होतं, इथे मी हाय.’

परब त्या वर्षी चतुर्थीच्या दोन दिवस आधी निघाले. सकाळी सकाळी गॅलरीत पिशव्यांची रांग लागली. गणपतीच्या सजावटीचं सामान, पेढ्यांचे खोके, मुंबईच्या बिस्किटांचे डबे आणि काकूंनी प्रवासासाठी केलेल्या घावण्यांचा डबा, ज्यातला एक त्यांनी मला उभ्या उभ्या खायला लावला. खाली जीप उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. परबकाका घर बंद करायला निघाले. घर बंद करणं हा त्यांचा विषय होता. गॅसचा नॉब बंद, नळ घट्ट, पाण्याचं पिंप पालथं, फ्रिज रिकामा करून त्याच्या दारात घडी केलेला टॉवेल, म्हणजे आत वास कोंडायला नको. सगळ्यात शेवटी मीटरजवळचा मेन स्विच. तो कोपरा अंधारा. काका म्हणाले, ‘वैशू, टॉर्च धर गो जरा.’ मी टॉर्च धरला. त्यांनी मेन खाली ओढला, खटका वाजला, आणि ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘बघितलंस? घर ह्या असा बंद करूचा. मागे वळान बघूक लागता नये.’ मी मान डोलावली. कुलूप लागलं, दोनदा ओढून पाहिलं गेलं, किल्ली तांबेमावशींच्या हातात गेली आणि मी त्यांची सगळ्यात जड पिशवी खाली जीपपर्यंत पोचवली. जीप वळेपर्यंत हातही हलवला.

दुपारी चारच्या सुमारास मी कॉम्प्युटरसमोर बसले होते. आई शिवत होती, माझा पडदा थरथरत होता. प्रज्ञा मुलीला कडेवर घेऊन दारात आली.

‘वैशू, नेट गेलंय का गं?’

‘माझं चालू आहे.’

‘सकाळपासून एकदाही बघितलं नाही मी. फायली पहाटेच उतरवून घेतल्या होत्या. आत्ता पाठवायला गेले तर काही नाही.’

मी उठून मशीनच्या मागे डोकावले. केबलवाल्याच्या कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकत होता. गॅलरीकडच्या कार्डाचा दिवा विझलेला होता. वायर निघालीय का पाहिलं, निघाली नव्हती. बाहेर येऊन वायरीच्या खालून चालत गेले, आणि परबांच्या कुलपासमोर उभी राहिले. मग डोक्यात तो खटका वाजला.

‘काय झालं?’ प्रज्ञा म्हणाली.

‘हबला वीज नाही. परबकाकांनी मेन बंद केला.’

‘तुला कोणी सांगितलं?’

‘टॉर्च मीच धरला होता.’

प्रज्ञा मोठमोठ्याने हसली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हसली नाही. तिने एवढंच विचारलं, ‘सातच्या आत होईल?’

अर्थात होईल असं मला वाटलं. किल्ली तर तिच्याच घरात खिळ्याला होती. आम्ही दोघी गेलो. मावशी शेंगा सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, ‘मावशी, परबांची किल्ली द्या ना. मेन वर करते आणि दोन मिनिटांत कुलूप लावून किल्ली आणून देते.’

‘कशाला?’

मी सगळं सांगितलं. हब, वीज, प्रज्ञाच्या फायली, सात वाजता. त्यांनी नीट ऐकून घेतलं. हातातल्या शेंगा सोलणं थांबलं नाही.

‘नाय,’ त्या म्हणाल्या.

‘मावशी, तुमच्याच सुनेचं काम आहे.’

‘ते मला समजलं. मी काय बहिरी नाय. किल्ली ठेवायला दिलेय, उघडायला नाय दिलेली.’

‘परबकाका काही बोलणार नाहीत.’

‘परब नाय बोलणार. परब भला माणूस. बाकीची चाळ हाय ना.’ त्यांनी सालं सुपात झटकली. ‘ते गावावरून आले आणि वाटी जरी जागेवर नसली, तर? तू उघडलंस तर बोलतील वैशूने नेटसाठी उघडलं. माझ्या हातून उघडलं तर काय बोलतील, ते तुला नाय ठाऊक. मला हाय.’

‘मग किल्ली माझ्या हातात द्या. मी उघडते, मी जबाबदार.’

‘किल्ली माझ्याकडे हाय म्हणून सगळी गावाला झोपतात. आजपर्यंत एकपण मी कुलपाला लावली नाय.’

मी प्रज्ञाकडे पाहिलं. मला वाटलं ती तरी हट्ट धरेल. ती मुलीच्या तोंडातून ओढणीचं टोक काढत होती. म्हणाली, ‘त्या नाही म्हणाल्या ना. दुसरं काहीतरी बघ.’

तेव्हा मला मावशींचा राग आला होता. मला वाटलं, माणसापेक्षा कुलूप मोठं झालं का. आज मागे पाहताना मला एवढंच दिसतं की त्या खोलीत तोटा कोणाचा होतोय हे सगळ्यात जास्त त्यांनाच कळत होतं. शेंगा सोलून झाल्या तरी त्या सुपातल्या सालांत हात फिरवत बसल्या होत्या.

परबांना विचारायचं तर ते जीपमध्ये, घाटात कुठेतरी. गावात फोन दुकानात, आणि दुकानापर्यंत ते पोचायचे तेव्हा सात कधीच वाजून गेले असते. फायली फ्लॉपीवर घालून माझ्या मशीनवरून पाठवाव्यात, तर तेही नाही. कंपनीचा पाठवायचा प्रोग्रॅम त्यांचा माणूस येऊन फक्त प्रज्ञाच्या मशीनवर बसवून गेला होता, रोग्यांची माहिती म्हणून. मग तिची मशीनच उचलून आमच्या खोलीत आणायची? तिची हार्ड डिस्क गेले आठ दिवस टकटक वाजत होती. ती चालू आहे तोवर चालू आहे, बंद करू नकोस, असं मीच तिला बजावलं होतं. ती बंद करून उचलली तर पुन्हा उठेल याची हमी मी देत नव्हते, आणि दिवसभराचं टाइप केलेलं सगळं तिच्यावरच होतं. सावध माणसाने आधी डिस्क बदलावी, हे खरं. पण चाळीत सगळंच आधी करायचं असतं.

मी पुन्हा परबांच्या दारासमोर उभी राहून वर पाहिलं. आमच्याकडून येणारी वायर जाळीतून आत जात होती. तिच्याच शेजारून प्रज्ञाकडे जाणारी बाहेर येत होती. मधली फक्त ती पेटी आत अडकली होती. पेटीला वगळून या दोन वायरी एकमेकींना जोडल्या, तर माझी मशीन आणि प्रज्ञाची मशीन समोरासमोर येत होत्या. बाकीच्या घरांना त्या दिवशी नेट नसतं मिळालं, पण बाकीची घरं गाणी उतरवत होती.

‘आई, स्टूल धर,’ मी हाक मारली. आई मशीनवरून उठून तोंडात टाचणी धरूनच बाहेर आली.

स्टुलावर चढून जाळीशी हात घातला तेव्हा दुसरी अडचण दिसली. सगळ्या वायरी एकाच रंगाच्या, राखाडी. मी एकीलाही चिठ्ठी लावली नव्हती. लावायची गरजच काय, सगळ्या मलाच माहीत आहेत, असं मी तेव्हा म्हणायचे. आता सुतळीत आवळलेल्या जुडग्यातली प्रज्ञाची कुठली?

‘तुझ्या टोकाकडून ओढ,’ मी प्रज्ञाला ओरडून सांगितलं. ‘हळू. मी इथे बघते कुठली हलते.’

‘ओढली.’

‘अजून.’

‘अगं ओढतेय की.’

‘काहीच हलत नाही.’

‘मध्ये परबकाकूंचा परकर अडकलाय,’ आई टाचणी काढून म्हणाली. ‘तोच हलतोय. गावाला गेली बाई, परकर इथेच.’

परकर काढला. प्रज्ञाने पुन्हा ओढलं. जुडग्यातली मागून दुसरी सरकली. खात्रीसाठी तीनदा ओढायला लावलं. तोपर्यंत मावशी स्वतः दारात आल्या होत्या आणि प्रज्ञाच्या हातातून वायर घेऊन म्हणाल्या, ‘तू पोरीला घे. मी ओढते. वैशू, झटका देऊ की सरळ ओढू?’

‘सरळ, मावशी.’

‘ही घे.’

तीच सरकली. मी कातरीने ती कापली. कापताना हात थोडा थांबला, कारण चुकीची कापली असती तर दुसऱ्या घराचं नेटही कायमचं गेलं असतं आणि प्रज्ञाचं आलं नसतं. मग आमचीही तशीच ओढून ओळखली आणि कापली. आतल्या आठ तारांपैकी कामाच्या फक्त चार असतात, नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. मध्ये हब असला की नारिंगीला नारिंगी जोडायची. दोन मशीन थेट जोडताना मात्र उलट: एकीची नारिंगी दुसरीच्या हिरवीला. एकीचं बोलणं दुसरीच्या कानात गेलं पाहिजे, दोघींची तोंडं समोरासमोर ठेवून उपयोग नाही. दाताने तारा सोलल्या, पीळ दिला, प्रत्येकीवर वेगळी टेप. आज कोणी माझ्यासमोर दाताने वायर सोलली तर मी त्याच्या हातातून काढून घेईन. पण आईच्या कातरीने एवढ्या बारीक तारा सोलल्या जात नव्हत्या आणि आई तिच्या कातरीकडे फार वाईट नजरेने बघत होती. कातरी कापडाची, आई तिने कागदसुद्धा कापू देत नसे.

खोलीत धावत गेले. गॅलरीकडच्या कार्डाचा दिवा लागला होता.

प्रज्ञाकडे पोचले तोवर ती खुर्चीवर बसली होती आणि मावशी तिच्या मागे, नात खांद्यावर. डिस्क टकटक वाजत होती. प्रोग्रॅममधली निळी पट्टी सरकायला लागली. एका फायलीवर बराच वेळ थांबली. त्या वेळात खाली ‘हॅलो, हॅलो, चेक’ चालू होतं. मग ती पुढे गेली. शेवटची फाईल गेल्याची ओळ आली तेव्हा सात वाजायला थोडाच वेळ होता. प्रज्ञाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसला.

‘गेल्या?’ मावशींनी विचारलं.

‘गेल्या.’

‘सगळ्या?’

‘सगळ्या, आई.’

मावशी वळून स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळाने शेंगांची उसळ आणि तांदळाची भाकरी माझ्यापुढे आली. मी म्हटलं, घरी जेवायचंय. त्या म्हणाल्या, ‘घरी जेव. हे आधी खा.’ भाकरी गरम होती, उसळीत ओलं खोबरं होतं, आणि मी दोन्ही संपवलं. मग घरी जाऊन खिचडी खाल्ली, ती जात नव्हती.

प्रज्ञाचा तो महिना पार पडला. पुढे ती त्या कामात बरीच वर्षं राहिली, नंतर बाकीच्या मुलींचं काम तपासायला लागली. तिची डिस्क त्याच आठवड्यात कायमची बंद पडली. तोपर्यंत नवी आणलेली होती, म्हणून त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. त्या संध्याकाळी अप्पा घरी आल्यावर आईने त्यांना सगळं सांगितलं, मुख्यतः कातरीबद्दल. अप्पा बाहेर जाऊन त्या जोडाकडे बघून आले. म्हणाले, ‘मग आता कायमचं असंच ठेवणार का तू?’ प्रश्न रास्त होता. परब पाच दिवसांचा गणपती, गौरी, मग पावणेरावणे करून येणार होते. पुढच्या वर्षी पुन्हा जाणार होते, आणि शिमग्याला, आणि मे महिन्यात. टेपने मोजून काढलेली मधली जागा वर्षातले कित्येक दिवस कुलपात असणार होती, आणि ते मोजायला टेप उपयोगाची नव्हती. घरात किंवा चाळीत, जोडणीची पेटी कुठे ठेवायची ते वायरीच्या लांबीवरून ठरवू नये. तिथे माणूस असतं का, एवढं बघावं. हे माझं सगळ्यात पक्कं मत, आणि त्यासाठी मला कुठल्याही पुस्तकाचा आधार सापडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी भरून झाल्यावर, मी तांबेमावशींकडे गेले. प्रज्ञा आंघोळीला गेली होती. मी म्हटलं, ‘मावशी, परब आले की ती पेटी मी तिथून काढणार. तुमच्याकडे ठेवू का? सगळ्या वायरी लांब कराव्या लागतील, पण तुम्ही घरी असता.’

त्यांनी किल्ल्यांच्या फळीशेजारची रिकामी जागा हाताने चाचपली.

‘वीज खाते?’

‘झिरोच्या दिव्याएवढी.’

‘मेन मी बंद करत नाय. आणि बिघडली तर?’

‘मग कोणाला तरी येऊन बघावं लागतं. बहुतेक मलाच. कधी बाकीचेही येतील, आमचं चालत नाही म्हणून विचारायला.’

‘येऊ दे. पण एक सांगून ठेव सगळ्यांना. बिघडलं की आत यायचं, बसायचं, मग बोलायचं. बाहेरून हाका मारायच्या नाय.’

मी म्हटलं, सांगते. मग त्यांच्या दारावर, आतल्या बाजूने, पेन्सिलने खूण केली, मिलिंदचा हातोडा मागून घेतला आणि पेटीसाठी पहिला खिळा ठोकला.